एक माणूस, एक नोंद

पूनमच्या लग्नाची पत्रिका आपण कॉम्प्युटरवर करू, असं ज्ञानदेवराव कोकरे साखरपुड्याच्या पंगतीत बोलून गेले. जावयाने भर पंगतीत दिलेला शब्द परत घ्यायची सोय आपल्याकडे अजून निघालेली नाही. पूनम ही त्यांच्या मेव्हण्याची, सोपानरावांची मुलगी. साखरपुडा न्हावऱ्याला होता, मुलाकडची मंडळी दौंडची. समोर बसलेले होणारे व्याही कोंडिबा शेंडगे नुकतेच म्हणाले होते, की आमचा पोरगा कुरकुंभच्या कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करतो. आता नव्या जावयाला कॉम्प्युटर येतो आणि जुन्या जावयाला येत नाही, असं चित्र कोणता जुना जावई मुकाट्यानं पाहील? ज्ञानदेवरावांनी हातातली जिलेबी खाली ठेवली.

"नुसती पत्रिकाच नाही," ते म्हणाले, "पाकिटावरचे पत्ते, मानपान, आहेर, सगळंच करू. एकदा माणूस आत भरला, की पाहिजे तिथं आपोआप बाहेर येतो."

"आत भरला म्हंजी? कशात?" गेणबा आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे ज्ञानदेवरावांचे सासरे, पूनमचे आजोबा. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज असा की मेंढरं गेली तरी मेंढरांना हाकायची सवय गेली नव्हती.

"डेटाबेसमध्ये, मामा."

"बरं बरं," आप्पा म्हणाले, "पर जेवल्याबिगर नका भरू कुणाला."

पंगत हसली. ज्ञानदेवरावही हसले, पण त्यांचं हसणं जरा मागून आलं.

ज्ञानदेवराव शिरूरला राहत आणि रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. त्या साली, म्हणजे दोन हजार दोनमध्ये, कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. तोवर स्टोअरचा हिशेब वेगळा, पगाराचा वेगळा, गेटवरचा वेगळा, अशा वेगळ्या चुली होत्या. त्या मोडून सगळ्यांना एका प्लॅटफॉर्मवर आणायचं ठरलं होतं. ते शिकवायला पुण्याहून एक सल्लागार यायचा. भर उन्हाळ्यात टाय लावायचा आणि आल्या आल्या फळ्यावर लिहायचा, 'एक माणूस, एक नोंद.' बाकीचे लोक तेवढ्यात डुलकी काढून घेत. ज्ञानदेवरावांना मात्र त्या वाक्यात काहीतरी अध्यात्म दिसलं. इतकी वर्षं आपण नटबोल्ट मोजत बसलो आणि ज्ञान इथं फळ्यावर होतं, असं त्यांना वाटून गेलं. असं वाटलेला माणूस घरच्यांना फार जड जातो.

कामाला सुरुवात शास्त्रशुद्ध झाली. कारखान्यात जसा प्रत्येकाला टोकन नंबर असतो तसा प्रत्येक पाहुण्याला एक नंबर द्यायचा. विचार उत्तम होता. तो घरात बोलून दाखवला, ही चूक झाली.

"माझ्या बापाला नंबर?" त्यांची बायको म्हाळसा कणकेच्या हातानं बाहेर आली. "आप्पा काय येरवड्याच्या जेलात हायत?"

"अगं, त्यांना एक नंबर देतोय. पहिला!"

हे ऐकून म्हाळसाचं समाधान झालं, पण बातमी न्हावऱ्याला पोचली आणि तिथं भावकी उठून बसली. आप्पांचे एक चुलतभाऊ म्हणाले, मी गेणबापेक्षा एका दिवाळीनं मोठा, एक नंबर माझा. दुसरे म्हणाले, वय कशाला बघता, जत्रेत नाचवायची देवाची काठी आमच्या घरात असते. तिसऱ्यांनी सांगितलं, की आम्हाला कोणताही नंबर चालेल, फक्त तो दोनच्या खालचा पाहिजे. बैठकांवर बैठका झाल्या, चहावर चहा झाले. शेवटी सोपानराव काकुळतीला येऊन म्हणाले, "पाव्हणं, समद्यास्नी एकच नंबर टाका की! कॉम्प्युटरला कुठं लाजलज्जा हाय?"

ज्ञानदेवरावांनी सल्लागाराला विचारून पाहिलं. सगळ्यांना एक नंबर देता येईल का? सल्लागारानं टाय सैल केला आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं.

तेव्हा नंबर रद्द झाले. माणूस ओळखायचा तो त्याच्या पूर्ण नावावरून, म्हणजे नाव, वडलांचं नाव, आडनाव यांवरून, असं ज्ञानदेवरावांनी ठरवलं. शेजारचे खुर्शिदभाई महसूल खात्यातून निवृत्त झालेले होते आणि सल्ला द्यायचं काम अजूनही बिनपगारी करत. त्यांनी कुंपणावरून मान हलवली. "साहेब, नावावर जाऊ नका. आमच्याकडं आधी गट नंबर, मग माणूस. जमीन कधी नाव बदलत नाही, माणसाचा भरोसा नाही." ज्ञानदेवरावांनी ते हसण्यावारी नेलं. महसूल खात्यानं डेटाबेसबद्दल बोलावं, म्हणजे अतिच झालं.

मग पूर्वज आले. पत्रिकेत वर पणजोबा-खापरपणजोबा लागतात, म्हणून आप्पांनी खाटेवर बसून पिढ्यान्पिढ्या सांगितल्या आणि ज्ञानदेवरावांनी त्या भरल्या. प्रत्येकापुढं एक रकाना होता, हयात की मयत. या रकान्यावर ज्ञानदेवरावांचा फार जीव. कारण त्यावर त्यांनी एक करामत केली होती. 'मयत' टाकलं, की माणसाच्या नावाआधी आपोआप 'कै.' लागे. एवढंच नाही, तर त्याच्या बायकोच्या नावाआधीचं 'सौ.' आपोआप जाऊन तिथं 'गं. भा.' येई. माणसाला लक्षात ठेवायचं कामच नाही! ही करामत बघायला त्यांनी अर्धी गल्ली घरी बोलावली. लोकांनी चहा घेतला, माना डोलावल्या, आणि यात गाणी लागतात का, असं विचारून घरी गेले.

आता एक गोष्ट कुणालाही ठाऊक असते, म्हणून कुणीच ती सांगत नाही. आपल्यात आजा गेला की नातवाला त्याचं नाव ठेवतात. गेणबाचा मुलगा म्हस्कू, म्हस्कूचा मुलगा पुन्हा गेणबा. म्हणजे आप्पांचे आजोबा गेणबा म्हस्कू ठोंबरे, आणि आप्पाही गेणबा म्हस्कू ठोंबरे. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तेच. फरक एवढाच, की एक स्वर्गात होते आणि दुसरे न्हावऱ्यात.

आजोबा आधी भरले गेले, मयत म्हणून. पुढच्या रविवारी ज्ञानदेवरावांनी आप्पांना भरायला घेतलं, तर पडद्यावर लाल फुली आली. ही नोंद आधीच आहे, असं कॉम्प्युटर सांगत होता. ज्ञानदेवरावांना आनंदाचं भरतं आलं.

"म्हाळसा, बघ! तुझ्या वडलांनी एकच नाव दोनदा सांगितलं. मशीननं बरोबर पकडलं. वय झालं गं त्यांचं."

"आप्पा दोनदा सांगत न्हाईत कुणाला काय," म्हाळसा म्हणाली. "येकदाच सांगत्यात, आन् मग हाणत्यात."

पण एक माणूस, एक नोंद. ज्ञानदेवरावांनी दुसरी नोंद टाकून दिली. हयात सासरे बाहेर राहिले, मयत खापरपणजोबा आत राहिले, आणि पूनमचे आजोबा कोण या प्रश्नाला कॉम्प्युटरनं घरातला एकमेव गेणबा पुढं केला. ज्ञानदेवरावांच्या सासूबाई, पार्वतीबाई, याच गेणबाची बायको म्हणून जोडल्या गेल्या. कॉम्प्युटरचा यात काडीचा दोष नव्हता. त्यानं लाल फुली दाखवून हात धरला होता.

पत्रिका छापायची ती मीरासाहेबांच्या प्रेसमध्ये. शिरूर-दौंड पट्ट्यातली निम्मी लग्नं मीरासाहेबांच्या हातून पार पडलेली. त्यांच्याकडे पद्धत अशी, की आधी कच्चा कागद घरी न्यायचा, घरातल्या वडीलधाऱ्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायचा, चुका सांगायच्या आणि मगच छपाई. ज्ञानदेवरावांनी हात वर केला. "मामू, ते जुनं झालं. ही कॉम्प्युटरची फाइल आहे. यात एक टिंबसुद्धा हलवायचं नाही."

मीरासाहेबांनी पहिली छापील पत्रिका उचलली, वाचली आणि ती हळूच टेबलावर ठेवली. आप्पांची आणि त्यांची बाजाराच्या दिवशीची चाळीस वर्षांची ओळख. त्यांनी टोपी सारखी केली.

"कवा झालं हे?" त्यांनी विचारलं.

"परवाच. सुट्टी टाकून बसलो होतो."

"तुम्ही जवळच होता म्हणायचं."

"मी एकटाच होतो. दुसऱ्या कुणाला यातलं कळत नाही."

"लई तरास झाला का शेवटी?"

"शेवटी जरा अडकलं होतं," ज्ञानदेवराव उत्साहानं म्हणाले. "लाल फुली आली. मग मी एक बटण दाबलं, आणि संपलं."

मीरासाहेब दोन पावलं मागं सरले. मग पुढं येऊन त्यांनी ज्ञानदेवरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सबर करा. वरच्याची मर्जी." आपल्या प्रोग्रॅमला एवढी दाद अजून कुणी दिली नव्हती. ज्ञानदेवराव गहिवरले.

पुढचं सगळं आपोआप झालं. पाकिटं चिकटवलेली, पत्ते छापून लावलेले, गठ्ठे गावावार बांधलेले. कुणी पत्रिका उघडून बघायचा प्रश्नच नव्हता, आणि याच गोष्टीचा ज्ञानदेवरावांना सगळ्यात जास्त अभिमान होता. न्हावऱ्याचा गठ्ठा सोपानराव मोटरसायकलवर घेऊन गेले, दौंडचा एसटीनं गेला.

पहिला हंबरडा न्हावऱ्यात सकाळी फुटला. पाहुण्यातली एक म्हातारी एसटीतून उतरली आणि रिवाजाप्रमाणे वळणापासूनच गळा काढत वस्तीवर आली. आप्पा बाहेर खाटेवर बसून तंबाखू मळत होते. म्हातारी खाटेपर्यंत आली आणि तिचा सूर मध्येच अडकला.

"कोण गेलं गं, येसू?" आप्पांनी काळजीनं विचारलं.

"तुम्हीच की वो आप्पा!" ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून तिथंच बसली.

मग रांगच लागली. आप्पांना आधी राग आला, पण चार-पाच जण रडून गेल्यावर त्यांना त्यात रस वाटू लागला. आलेल्याला ते स्वतः पाणी देत, बस म्हणत, आणि तो गेला की सोपानरावांना सांगत, "ह्यो खोटं रडला. याच्या डोळ्यात पानीच न्हवतं." एका भावकीतल्याला तर त्यांनी परत बोलावलं आणि सांगितलं, की तू आमच्या बांधावरची बाभळ तोडलीस ते मला ठाऊक हाय, उगं नाक वढू नगं.

सोपानरावांना एवढा रस वाटत नव्हता. त्यांनी शिरूरला फोन केला. फोनवर ते काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. मुलीच्या बापानं बहिणीच्या नवऱ्याला जे बोलू नये असं शास्त्र सांगतं, ते सगळं त्यात होतं. ज्ञानदेवरावांनी उरलेल्यातलं एक पाकीट फोडलं. 'कै. गेणबा म्हस्कू ठोंबरे व गं. भा. पार्वतीबाई गेणबा ठोंबरे यांची नात' ही ओळ सोनेरी अक्षरात, बारीक वेलबुट्टीच्या आत, सुरेख बसली होती.  ज्ञानदेवराव ओट्यावर बसले आणि मीरासाहेबांशी झालेलं बोलणं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवलं. 

ते न्हावऱ्याला पोचले तेव्हा दौंडहून कोंडिबा शेंडगे जीप भरून आले होते.

"सुतक लपवून लगीन लावायलाय व्हय?" कोंडिबा दारातूनच गरजत होते. "म्हातारा माणूस जातोय, आन् आमास्नी छापील कागदावरनं कळतंय?"

"या, या व्याही," म्हणत गेणबा आप्पा आतून आले. "बसा. च्या ठिवलाय."

कोंडिबांची बोबडी वळली. "तुम्ही हायसा व्हय?"

"हाय की. तुमची हरकत नसंल तर ऱ्हातो आनखी थोडं."

सगळे हसले. ज्ञानदेवराव तेवढे दारात उभे होते आणि कुणीही त्यांना आत या म्हणालं नाही. कोंडिबा निवळले, पण म्हणाले, माझी खात्री पटली, आमच्या भावकीला कोण सांगणार? गावात पत्रिका फिरल्यात. हातात काहीतरी सही-शिक्क्याचं द्या.

शिरूरला परतल्यावर खुर्शिदभाईंनी कुंपणावरूनच उपाय सांगितला, हयातीचा दाखला. त्यापायी ज्ञानदेवराव रजा टाकून एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"जन्मल्याचा देतो, मेल्याचा देतो," तो म्हणाला. "हयातीचा नमुना पेन्शनवाल्यांसाठी आहे. त्यांना पेन्शन आहे का?"

"नाही."

"मग ते कशासाठी जिवंत आहेत? म्हणजे, कारण लिहावं लागतं."

"नातीच्या लग्नासाठी," ज्ञानदेवराव म्हणाले.

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला. शिवाय इसमानं समक्ष हजर राहायला हवं होतं, आणि इसमानं साफ सांगितलं होतं, की मी जित्ता हाय हे सांगाया मी कुणाच्या टेबलापुढं हुबा ऱ्हानार न्हाई, ज्याला बघायचंय त्यानं हितं यावं. अखेर आप्पाच कोंडिबांच्या जीपमध्ये बसून दौंडला गेले, शेंडग्यांच्या सगळ्या भावकीत घरोघरी चहा पिऊन आले, आणि तो प्रश्न मिटला.

ज्ञानदेवरावांना वाटलं, सुटलो. पण या सगळ्या गडबडीत एक माणूस अजिबात हसलं नव्हतं. त्या म्हणजे पार्वतीबाई.

येणाऱ्या बायका आप्पांना बघून हसत, पण पार्वतीबाईंना बघितलं की त्यांची नजर आधी कपाळाकडे जाई. कुंकू आहे का, हे बघायला. एकदा गेली, दोनदा गेली. पार्वतीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माहेरी आलेल्या म्हाळसाकडून ती ओळ वाचून घेतली, परत एकदा वाचायला लावली, आणि पत्रिका फडताळात पालथी ठेवली. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पूनमच्या हळदीला माझा हात नगं. सोन्याच्या अक्षरात छापून आलंय. पोरीच्या अंगाला त्यो हात लागाया नगं."

पूनमला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. आई शेतात, पोर आजीच्या कडेवर. पहिली हळद आजीचीच, नाहीतर मला कुणाचीच नको, असं पूनमनं सांगितलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आप्पांनी समजावलं, सोपानराव रागावले, कोंडिबांनी दौंडहून निरोप धाडला. पार्वतीबाई हलेनात.

ज्ञानदेवराव त्यांच्यापुढं जाऊन बसले.  माझ्या प्रायमरी कीमध्ये, म्हणजे माणूस ओळखायच्या खुणेत, चूक झाली, असं सासूला कसं सांगायचं?

"मामी, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते करतो."

 पार्वतीबाई म्हणाल्या, "ज्या ज्या घरी त्यो शबुद गेलाय, त्या त्या घरचा झाका. येक बी ऱ्हाता कामा नये. मग लावते हळद."

आणि मग ज्ञानदेवरावांची खरी वरात निघाली. नव्या पत्रिका छापायला लग्नसराईत प्रेसला सवड नव्हती, म्हणून 'श्री.' आणि 'सौ.' असे बारके सोनेरी स्टिकर छापून घ्यायचे, वाटलेल्या पत्रिका घरोघर जाऊन परत आणायच्या, त्या दोन शब्दांवर स्टिकर लावायचे, आणि पुन्हा नेऊन द्यायच्या, असं ठरलं. मीरासाहेबांनी स्टिकर छापून दिले, पण मान वर केली नाही. "आप्पांच्या नावानं दुवा मागितली मी, पाव्हणं," एवढंच म्हणाले. "माझ्या डोळ्यास्नी पानी आलं हुतं."  त्यानंतर ज्ञानदेवराव स्कूटरवर गावोगाव हिंडले. दारात उभं राहून 'ती पत्रिका जरा परत द्या' म्हणायचं, हे काम किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळत नाही. एका घरात त्यांना 'आणखी कोण गेलं?' असं विचारलं. दुसऱ्या घरात एका म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं, की माझं नाव तेवढं त्या मशीनमधनं काढा, मला अजून दोन पोरींची लग्नं करायचीत. रांजणगावला कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. लोक म्हणत, नको बाबा, हा बटण दाबतो.

शेवटी एका दुपारी शिरूरच्या घरी सगळ्या पत्रिका जमल्या. सतरंजी अंथरली, गठ्ठे मांडले. म्हाळसा बसली, न्हावऱ्याहून पूनम आली, तिची आई आली, शेजारच्या दोघी आल्या. पार्वतीबाई स्वतः आल्या आणि मधोमध बसल्या. ज्ञानदेवरावांची आई कुशाबाई कडेला भिंतीशी बसून स्टिकर सोडवून देत होती. ज्ञानदेवराव पहिलीत असताना त्यांचे वडील गेले होते, आणि तिनं दुसऱ्याच्या शेतात खुरपून त्यांना शिकवलं होतं. स्वतः ती साठीला साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती आणि आता दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काय मिळेल ते एकेक अक्षर लावत वाचायची.

काम सुरू झालं तशा बायका मोकळ्या झाल्या.

"शिवी परवडली," शेजारीण म्हणाली, "पर ह्यो शबुद नगं बाई बाईमान्साच्या नावाफुडं."

"दुश्मनाच्या बी नगं," म्हाळसा म्हणाली. "वाचलं तवा माझ्या अंगावर काटाच आला."

"किती अभद्र दिसतंय न्हाई सोन्याच्या अक्षरात?" पूनमची आई म्हणाली, आणि एक स्टिकर चापून बसवला.

पार्वतीबाई प्रत्येक पत्रिका हातात घेऊन स्टिकरवरून बोट फिरवून बघत होत्या. कड उचललेली नाही ना, खालचं दिसत नाही ना. शेवटचा गठ्ठा निम्मा झाला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांनी पूनमच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लावते गं बाई हळद. पयली मीच लावते." पूनम त्यांच्या गळ्यात पडली, बायकांनी डोळे पुसले, म्हाळसानं चहा टाकला. इतक्या दिवसांत प्रथमच तिनं नवऱ्याकडं जरा बऱ्या नजरेनं बघितलं. ज्ञानदेवरावांनी मोठा श्वास सोडला. बिघडलेलं काम आपण निस्तरलं, असं त्यांना वाटलं. थोडा ताठपणासुद्धा परत आला. पुढच्या वेळी नावाबरोबर जन्मतारीख घेऊ, असं ते मनाशी म्हणत होते.

"ज्ञानू," भिंतीकडून कुशाबाई म्हणाली.

तिच्या हातात एक पत्रिका होती. खाली जिथं निमंत्रकांची नावं येतात, तिथं तिचं बोट होतं. जावयाची आई म्हणून कॉम्प्युटरनं तिलाही मानानं आपोआप घातलं होतं.

"माझं नाव छापून आलंय," ती म्हणाली. "जल्मात पयल्यांदा. म्हनून वाचाया घेतलं. तर नावाच्या आदी त्योच शबुद हाय. ह्यावर न्हाई का रं काय चिकटवायचं?"

सतरंजीवरचे हात थांबले. कुणी कुणाकडं बघेना.

"आई," ज्ञानदेवराव म्हणाले, आणि पुढचे शब्द तोंडातून निघून गेल्यावरच त्यांना ऐकू आले, "तुझं चुकलेलं नाही. तुझं बरोबर आहे."

"व्हय," कुशाबाई म्हणाली. "ते बी खरंच. बरूबर हाय."

ती पुन्हा स्टिकर सोडवायला लागली. ज्ञानदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासभर त्या घरात तो शब्द किती घाण आहे ते चाललं होतं, आणि ज्या बाईच्या नावाला तो तीस-पस्तीस वर्षं चिकटलेला होता ती तिथंच बसून स्टिकर पुरवत होती. आपण केलेल्या करामतीत तेवढी एकच नोंद बिनचूक निघावी, याची त्यांना शरम वाटली. त्यांनी खिशातलं पेन काढलं, एक पत्रिका ओढली आणि आईच्या नावाआधीची ती अक्षरं खोडायला घेतली. नुसतं कुशाबाई राहील असं. शाई सोनेरीवर पसरली आणि तिथं काळा डाग पडला.

"आवं, काय करताय?" म्हाळसा दबक्या आवाजात म्हणाली. "लग्नाची पत्रिका हाय. काळं दिसतंय किती!"

ज्ञानदेवरावांनी दुसरी पत्रिका घेतली. तेव्हा कुशाबाई सरकत पुढं आली. तिनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्याच खिशाला अडकवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीचं लगीन हाय, अपशकून नगं. तू आपलं ह्ये चिकटव."

तिनं बोटाच्या टोकावर एक 'सौ.' त्यांच्यापुढं धरला. ज्ञानदेवरावांनी तो घेतला, पार्वतीबाईंच्या नावाआधी नीट बसवला आणि मान खाली घालून पुढचा घ्यायला हात केला. आई एकेक देत गेली आणि गठ्ठा संपेपर्यंत ते चिकटवत राहिले.